साडेदहाचं पाणी

मी अमरावतीला राजापेठेत दहावीच्या पोरांची भूगोलाची शिकवणी घेतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणाकडून कळलं तर तुम्ही जास्त हसाल. भरती-ओहोटीचा धडा मी वर्षाला चार बॅचना शिकवतो. फळ्यावर पृथ्वी काढतो, चंद्र काढतो, पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा फुगवटा काढतो आणि दर वेळी सांगतो, "पोट्टेहो, हे दोन मार्कांले येतेच. पाठ करून टाका." प्रत्यक्ष समुद्र मी त्रेचाळीस वर्षांत दोनदाच पाहिला होता. दोन्ही वेळा हातात भेळ होती आणि फोटोसाठी पाठ समुद्राकडे होती.

दुसरं सांगायचं ते हे, की मी भित्रा माणूस आहे. लिफ्टमध्ये एकटा जात नाही. डॉक्टरनं रक्तदाबाचा पट्टा बांधला की पट्ट्याच्या भीतीनं दाब वाढतो. आणि भीती वाटली की मला भूक लागते. लोकांची भीतीनं भूक मरते, माझी पेटते. पोर्ट ब्लेअरच्या विमानात मी माझा उपमा खाल्ला, बायकोचा खाल्ला, नऊ वर्षांच्या लेकीचा अर्धा खाल्ला. विमान ढगात हललं तेव्हा सासूबाईंनी न सांगता आपला डबाही माझ्याकडे सरकवला.

सरकवला म्हणजे कसा, तर त्यांनी तो बायकोकडे दिला, बायकोनं माझ्याकडे दिला. सासूबाई अकोल्याच्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यांनी मला एकदाही हात लावला नव्हता की माझ्या हातात थेट वस्तू दिली नव्हती. मी घरात शिरलो की पदर डोक्यावर. मी बसलेल्या पलंगावर त्या बसायच्या नाहीत. पंगतीत माझ्या आधी घास घ्यायच्या नाहीत. चुकून त्यांच्या पायाचा धक्का माझ्या बॅगेला लागला तरी बॅगेला नमस्कार. धोंड्याच्या महिन्यात मला पाटावर बसवून पितळेच्या परातीत माझे पाय धुवायच्या, तेही वरून पाणी सोडून. बोट लागू द्यायच्या नाहीत. त्यांच्या लेखी जावई हा वर्षातून तीन-चारदा घरी येणारा देव होता. देव कसाही असला, वेंधळा असला, तरी देवच. बाकी बाई कडक. अकोल्याच्या भाजीबाजारात त्यांच्याशी भाव करायला लोक घाबरतात.

सासरे वारले त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. दोन्ही गुडघे गेलेले. पायरी चढायची तर आडवं उभं राहून, एकेक पाय जोडत. बायको म्हणाली, "आईले कुठंतरी नेऊ. लांब. तिले समुद्र दाखवू." मी शिर्डी सुचवली. तिनं अंदमान काढलं. पुण्याच्या साळ्यानं फोन करून मला बजावलं, "जिजाजी, आईले पाण्याजवळ नोका नेजा. पाय घसरला तं उठता येत नाही तिले." मी म्हटलं, "अरे, मी हाये ना."

हे वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

नील बेटावर आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. सकाळच्या जहाजानं जायचं, बेट बघायचं, खायचं-प्यायचं आणि संध्याकाळच्या जहाजानं परतायचं. जहाजात मी खिडकीपासून दूर, जिन्याजवळ बसलो आणि चकल्यांची पिशवी संपवली. लेक काचेला नाक लावून ओरडत होती, "बाबा, पाणी बघा, शाईसारखं आहे!" मी बघितलं नाही. सासूबाईंनी मात्र बघितलं. दोन तास त्या बाई काचेबाहेर बघत होत्या. मध्येच पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तो त्यांनी सावरला नाही. बायकोनं मला कोपर मारून ते दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

धक्क्यावर उतरलो आणि दिवसभरासाठी एक रिक्षा ठरवली. रिक्षावाला बंगाली, पन्नाशीचा, हाफ पँट घातलेला, पायात काही नाही. बेट एवढंसं की तासाभरात फिरून होईल. दोन्ही बाजूंना सुपारी, केळी, मध्येच वांग्याची नि टोमॅटोची शेतं. शेतं दिसल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला. सासूबाई म्हणाल्या, "वांगे चांगले दिसून राहिले. इकडं बी रोडगे करता येतीन." एका टपरीवर पुरी-भाजी खाल्ली, मीठ लावलेली पपई खाल्ली. सूर्य आपल्याकडच्या अकरासारखा तापला होता आणि घड्याळात नऊही वाजले नव्हते.

मग रिक्षावाल्यानं आम्हाला त्या किनाऱ्यावर नेलं. झाडांतून एक पायवाट उतरते, तिच्या तोंडाशी एक बाई नारळ विकत होती. सासूबाई तिच्याशी भाव करायला थांबल्या. एक बाई बंगाली हिंदीत, दुसरी वऱ्हाडी हिंदीत, दोघींना मजा येत होती. बायको लेकीला टोपी घालत होती. रिक्षावाल्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "दादा, अभी पानी एकदम नीचे है. उधर पत्थर तक पैदल जा सकते हो. लेकिन साढ़े दस बजे तक वापस आ जाना. उसके बाद पानी चढ़ता है. साढ़े दस."

"हाँ हाँ," मी म्हणालो.

आता आमच्याकडची वेळ कशी असते ते सांगतो. आमच्याकडे पत्रिकेत साडेअकराचा मुहूर्त असतो. साडेअकराला मांडवात फक्त आचारी असतो. बाराला खुर्च्या येतात. एकला नवरदेव मारुतीच्या देवळातून निघतो आणि बँडवाल्यांपुढे त्याचे मित्र तास-दीड तास नाचतात. दोनला अक्षता. जो साडेअकराला पोचतो त्याला लोक विचारतात, "काहून बावा, घरी काही काम नव्हतं काय?" माझी आठची बॅच साडेआठला सुरू होते आणि साडेआठला आलेला पोरगा स्वतःला वेळेवर आला असं समजतो. साडेदहा ऐकलं की माझं वऱ्हाडी डोकं आपोआप त्याचे पावणेबारा करतं. मला ते करावंही लागत नाही. सांगणारा माणूस तेवढं धरूनच सांगत असणार असं मी समजतो.

पाणी खरंच गेलं होतं. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. समुद्राचा तळ उघडा पडला होता. करडी, खडबडीत, भोकाभोकांची जमीन, मध्येमध्ये ताटाएवढी डबकी, डबक्यांत निळे मासे, काळ्या काकडीसारखे मऊ प्राणी. लेक एका डबक्यावरून दुसऱ्या डबक्यावर उड्या मारत सुटली. दोन-अडीचशे पावलांवर, पाण्याच्या अलीकडे, एक मोठा कातळ होता. खाली ओट्यासारखा सपाट, मागे भिंतीसारखा उभा. तिथे सावली होती.

त्या कातळाकडे पाहून माझ्यातला वऱ्हाडी माणूस जागा झाला. उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही घरची सगळी मंडळी घेऊन पात्रात जातो. वाळूत गोवऱ्या पेटवतो, कणकेचे रोडगे भाजतो, वांग्याची भाजी करतो आणि पात्राच्या मधोमध पंगत मांडतो. आटलेली नदी म्हणजे आमचं अंगण. जूनपर्यंत तिथून आम्हाला कोणी उठवत नाही. मी म्हटलं, "आपण तिथं बसून जेवू. आईंनी आणलेल्या तिखट पुऱ्या हायेतच."

बायको म्हणाली, "आईले जमन का तिथवर?"

"मी हाये ना," मी म्हटलं. दुसऱ्यांदा.

सासूबाईंना पंचवीस मिनिटं लागली. बायकोच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी. वाटेत किनाऱ्याजवळच एक उथळ घळ लागली, आपल्या नाल्यासारखी किनाऱ्याला समांतर गेलेली. तिच्यात घोटाभर पाणी होतं. त्या साडी उचलून उतरल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "कोमट हाये वं," त्या बायकोला म्हणाल्या.

कातळावर चादर अंथरली. पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, नारळाची मलई. सासूबाईंनी सासऱ्यांच्या गोष्टी काढल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. सासऱ्यांनी एकदा अंजनगावहून पानाची अख्खी करंडी आणली आणि घरात कोणीच पान खात नव्हतं, ही गोष्ट त्या सांगत होत्या आणि बायको हसून लोळत होती. मी घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. मी घड्याळ पाहिलं आणि पुरी घेतली. कोण उठवणार होतं त्या गोष्टीतून? असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं आहे. खरं म्हणजे मला चटणी आवडली होती.

बायकोनं सहज विचारलं, "रिक्षावाल्यानं कितीले बोलावलं हाये?"

"तसं काही खास नाही सांगितलं. आरामात या म्हणे."

का खोटं बोललो? साडेदहा सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, वाजून गेले. मग उठावं लागलं असतं. एवढंच कारण.

थोड्या वेळानं लेक डबकी बघायला गेली होती ती परत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, आपण आलो तेव्हा तिथे रस्ता होता ना?"

"कुठं?"

"तिथे. आता पाणी आहे तिथे."

मी उठून कातळाच्या कडेवरून मागे पाहिलं. इतका वेळ आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. पाणी येईल तर समोरून येईल, दिसेल, असा आमचा हिशेब. आमच्या नाल्याला पूर येतो तेव्हा अर्धा कोस आधी आवाज येतो, गुरं कान टवकारतात. इथे आवाजच नव्हता. समोर समुद्र होता तिथेच होता, आणि मागून, आमच्या आणि किनाऱ्याच्या मधून, ती घळ भरत आली होती. घोटाभर पाण्याची घळ आता चांगली तीस-चाळीस पावलं रुंद झाली होती. पाणी वाहतही नव्हतं. नुसतं वाढत होतं, चुलीवर दूध चढावं तसं.

अकरा वाजून दहा मिनिटं.

"अहो," बायको म्हणाली. एवढंच.

"काही नाही, थोडं येत-जात असते," मी शिकवणीतल्या आवाजात म्हणालो. तोंडातली पुरी गिळली जाईना. आयुष्यात पहिल्यांदा भीतीनं माझी भूक मेली, आणि तेवढ्यावरूनच मला कळलं की हे काही साधं प्रकरण नाही.

मग मी ज्या कातळाला पाठ टेकून बसलो होतो तो पाहिला. त्याला शिंपले चिकटले होते. खालपासून वर, माझ्या छातीच्याही वर, एका सरळ रेषेपर्यंत. रेषेच्या वरचा दगड कोरा. शिंपले कोरड्यात राहत नाहीत, हे कळायला भूगोल लागत नाही. बसलेल्या सासूबाईंचं डोकं त्या रेषेच्या बरंच खाली होतं.

"उठा," मी म्हणालो. "सगळे उठा. सामान राहू द्या."

आम्हा चौघांना मिळून एक हातही पोहता येत नव्हता. बायकोनं क्षणभर तिच्या आईकडे पाहिलं, मग लेकीकडे. तो क्षण मी विसरू शकत नाही. मी म्हटलं, "तू हिले घेऊन पुढं हो. मी आईंना आणतो." तिनं लेकीला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला, आणि चालायला लागली. लेकीचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. दर चार पावलांनी ती मागे पाहत होती.

सासूबाई उठल्या, काठी टेकत दहा-बारा पावलं आल्या. घळीतलं पाणी पसरत कातळापर्यंत आलं होतं, पोटऱ्यांएवढं. खालचे दगड आता दिसत नव्हते. त्यांचा पाय एका भोकात गेला, त्या कळवळल्या आणि थांबल्या.

"जवाईबुवा, तुमी व्हा पुढं. मी त्या दगडावर बसतो. पाणी उतरलं का येतो."

बारा तास पंचवीस मिनिटं. दोन ओहोट्यांमधलं अंतर. माझ्या डोक्यात ते फळ्यावर लिहिल्यासारखं आलं. पुढची ओहोटी रात्री नऊनंतर.

"आई, ते नाही उतरत आता. माझ्या पाठीवर बसा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना शिवी दिली. "काई तरी बोलता! जवायाच्या पाठीवर बसू?"

"बसा लवकर."

"पाप लागन मले. पाय धुतो मी तुमचे, आन तुमच्या अंगावर पाय टाकू?"

"आई, पाणी येऊन राहिलं!"

"लोक काय म्हणतीन?"

"कोण लोक, आई? इथं मासे हायेत फक्त!"

त्या हलेनात. पाण्यात उभ्या, हातात काठी, डोक्यावर पदर. पाणी गुडघ्यांना लागलं. तिकडे बायको घळीच्या मध्यावर कमरेएवढ्या पाण्यात होती, पोरगी तिच्या मानेला लटकलेली, आणि मी इथे चौदा वर्षांच्या रिवाजाशी वाद घालत होतो. मी पाठमोरा वाकलो. "बसा." नाही. पुन्हा म्हणालो. नाही. मग मी ओरडलो. बॅचमधल्या मागच्या बाकावरच्या पोरावर ओरडतो तसा, नरड्याच्या शिरा फुगवून, "बसा म्हटलं ना!"

मग त्यांचा आवाज, एकदम वेगळा. "रडू नका जवाईबुवा."

मला तोवर माहीत नव्हतं की मी रडत होतो.

त्यांनी काठी सोडून दिली. पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला. आणि माझ्या गळ्याभोवती हात टाकले.

वजन सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्या पावलाला माझे गुडघे वाकले. दुसऱ्याला वाटलं, जमेल. पाण्यात वजन हलकं होतं असं मी विज्ञानाच्या सरांकडून ऐकलं होतं. ते पाणी मांड्यांपर्यंत आल्यावर थोडं खरं ठरलं. पण खाली प्रत्येक पाऊल आंधळं. टोकदार, निसरडं, मध्येच मऊ काहीतरी. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर ठोके देत होतं, इतकं जोरात की मला वाटलं माझंच. चौदा वर्षं मी समजत होतो की या घरात भित्रा मी एकटाच. कानाशी त्या हळूच म्हणत होत्या, "सावकाश... सावकाश... हां... सावकाश..." चिखलातून गाडी काढताना बैलाला म्हणतात तसं.

पाणी कमरेला. मग पोटाला. बायको पलीकडे वाळूवर चढलेली मी पाहिली. पंचवीस पावलं राहिली असतील.

आणि पुढच्या पावलाखाली जमीनच नव्हती.

डोक्यावरून पाणी गेलं. नाका-तोंडात मीठ. हातपाय मारले, पाय कशाला तरी लागले, उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत. गळ्याभोवती हात नव्हते.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार सासूबाईंचा आला नाही. पहिला विचार आला, आता अकोल्याला काय सांगू? मेलेल्या माणसाचं दुःख नाही, जाबाची भीती. एवढा मी भित्रा. असा विचार करायला किती वेळ लागतो? एक श्वास. तो श्वास मी त्यांच्या वाट्याचा घेतला असं मला अजून वाटतं.

मग डावीकडे पाण्यावर निळं काहीतरी फुगून आलं. त्यांची साडी. मी तिच्यावर पडलो. साडी हाताला लागली आणि सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. मग केस हाताला लागले. अंबाडा सुटला होता. मी केस मुठीत धरले आणि ओढले, सगळी ताकद लावून, कणीस उपटावं तसे. त्यांचं तोंड वर आलं. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही. मग खोकला. मी केस सोडले नाहीत. त्यांनी माझा शर्ट धरला, तो फाटला. मग दंड धरला, नखं रुतवून. आम्ही दोघं तिथे एकमेकांना धरून उभे होतो आणि मला पाऊल उचलता येत नव्हतं. पुढे नाही, मागे नाही. पाणी काखेला आलं होतं. किनाऱ्यावरून बायको ओरडत होती, शब्द कळत नव्हते. तिनं लेकीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं, तिला दिसू नये म्हणून.

"चला न," सासूबाई म्हणाल्या.

"पाय उचलत नाही, आई."

हे मी म्हणालो. वाचवायला आलेला मी.

रिक्षावाला कुठून आला ते मी पाहिलं नाही. पाणी कापत, शिव्या देत आला. त्यानं सासूबाईंना दुसऱ्या बाजूनं काखेत धरलं आणि मला म्हणाला, "उधर नहीं, इधर से, इधर पत्थर है." त्याच्या अनवाणी पायांना ती जमीन पाठ होती. त्यानं आम्हा दोघांना ओढत आणलं. सासूबाईंना उचलून आणि मला कॉलरला धरून, असं बायको सांगते. मला कॉलरचं आठवत नाही. आठवायची इच्छाही नाही.

वाळूवर सासूबाईंना उलटी झाली. नारळवाली बाई धावत आली, त्यांना कुशीवर वळवलं, पाठ चोळली, डोक्याला आपला गमछा गुंडाळला. बायको आईचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. माझे गुडघे सोललेले, रक्त वाळूत. लेक माझ्याजवळ आली, थोडी दूरच बसली. तिचे दात वाजत होते. एवढ्या उन्हात. मी हात पुढे केला तर ती आईकडे सरकली.

मागे कातळाकडे पाहिलं. आमची चादर दिसत नव्हती. आम्ही बसलो होतो तो ओटाही दिसत नव्हता.

आणि मग रिक्षावाला माझ्यावर बरसला. "दादा, मैंने बोला था ना? दो बार बोला था, साढ़े दस! साढ़े दस बोला था कि नहीं?"

बायकोचे हात थांबले. तिनं मान वर केली. "तुमाले सांगतलं होतं त्यानं?"

शिकवणीत ज्याला उत्तर येत नाही तो पोरगा पुस्तकात पाहतो. मी वाळूत पाहिलं.

"तुमी तं म्हणे, आरामात या म्हणला." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझी पोरगी, माझी माय..."

"मले बी सांगतलं होतं त्यानं," सासूबाई म्हणाल्या.

आवाज खरखरीत होता, मिठानं घासलेला. डोळे मिटलेलेच. "साडेदहा. आयकलं होतं म्या. म्याच म्हतलं मनात, जाऊ पुऱ्या खाऊन. चालते धा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं."

बायकोनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रिक्षावाल्याकडे पाहिलं. रिक्षावाल्यानं तोंड उघडलं, मग मिटलं आणि तो रिक्षा पुढे आणायला गेला. बायको पुन्हा पाय चोळायला लागली.

त्यानं सांगितलं तेव्हा सासूबाई नारळवालीशी घासाघीस करत होत्या. आमच्यापासून वीस पावलांवर, आमच्याकडे पाठ करून. मला चांगलं आठवतं.

रिक्षावाल्यानं आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका खानावळीत नेलं. नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, तीन बाजू उघड्या, समोर पन्नास पावलांवर समुद्र. खानावळवाल्याच्या बायकोनं सासूबाईंना आपली कोरडी सुती साडी नेसायला दिली. भात, डाळ, मासळीचा रस्सा, पपईची भाजी समोर आली. माझी भूक परत आली होती, लाज सोडून. मी खात होतो. समोर सासूबाई बसल्या होत्या, पदर डोक्यावर नव्हता, ओले केस पाठीवर मोकळे. जिथे मी ओढले होते तिथे कानामागे लाल वण उठला होता. त्यांनी भाताचे दोन घास घेतले होते. माझ्या आधी.

लेक म्हणाली, "आजी, ते रिक्षावाले काका तुझ्याशी कधी बोलले?"

"खाय गुपचूप," सासूबाई म्हणाल्या.

बायको लेकीला घेऊन हात धुवायला मागे गेली. आम्ही दोघंच उरलो. असे समोरासमोर, मध्ये कोणी नाही, हे चौदा वर्षांत प्रथमच. मी घास खाली ठेवला.

"आई, त्यानं तुमाले खरंच सांगतलं होतं?"

त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेला होता, आणि ती कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून पलीकडे, त्या उघड्या बाजूकडे पाहत होत्या. पाणी आता भरलं होतं. त्याला आवाज आला होता.

"जवाईबुवा," त्या हळूच म्हणाल्या, "तो पडदा टाका न तेवढा."

छपराला बांबूच्या चटईचा गुंडाळलेला पडदा होता. मी उठलो. दोरीची गाठ सुटेना. दातांनी सोडवली. पडदा खाली आला.

तोच प्रश्न पुन्हा विचारायची हिंमत मला त्यानंतर झालेली नाही.